स्पेक्ट्रमचे चित्र परत आणणाऱ्यांचे आभार

माझ्याकडील 48 के (48 किलोबाइट मेमरीच्या) झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाच्या पडद्यावर, सुरू करताच दिसणाऱ्या 1982 सालच्या कॉपीराइटच्या ओळीऐवजी नुसते उभे पट्टे उमटत होते. तो संगणक आता पूर्ण रंगांसह चालू झाला आहे, आणि स्वतःचे नावही न सांगता ज्यांनी मदत केली त्या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

सर्वांत मोठे ऋण आहे ते मेमरीच्या चिप बदलण्यापूर्वी त्यांच्या पिनांवरील व्होल्टेज मोजण्याचा आग्रह धरणाऱ्या गृहस्थांचे. त्यातील 4116 या मेमरी चिपला +5, +12 आणि −5 असे तीन व्होल्टेज लागतात. त्यांतील −5 नाहीसे होऊन +12 मिळत राहिले, तर नवी चिपही जळू शकते, हे त्यांनी फार संयमाने समजावले. टीआर 4 हा ट्रान्झिस्टर निकामी झालेला निघाला. तो बदलून शेजारची कॉइल नव्याने गुंडाळल्यावर +12 आणि −5 हे दोन्ही व्होल्टेज परत आले, आणि रंगीत संकेत तयार करणाऱ्या एलएम 1889 चिपलाही तिचे 12 व्होल्ट मिळू लागले.

मॉड्युलेटर (चित्र टीव्हीच्या अँटेनाच्या संकेतात बदलणारा भाग) वगळून कंपोझिट संकेत, म्हणजे एकाच तारेतून जाणारा चित्रसंकेत, थेट सॉकेटपर्यंत आणण्याची जोडणी ज्या ताईंनी रेखाटून दिली, त्यांच्यामुळे अक्षरे कमालीची स्पष्ट झाली. अशी स्वच्छ, हाताने काढलेली आकृती मला छापील पुस्तिकेपेक्षा अधिक उपयोगी वाटली. रंगांची 4.43 मेगाहर्ट्झ वारंवारता जुळवण्यासाठी ज्यांनी आपला ऑसिलोस्कोप निःसंकोच वापरायला दिला, त्यांचाही मी कायमचा ऋणी आहे.