ड्रायव्हर हाही स्पेअर पार्टच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपलं वर्तमानपत्र मी रोज सकाळी वाचतो, पण कानांनी. मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. एका सरकारी कार्यालयात ३१ वर्षं टेलिफोन ऑपरेटर होतो, २०१८ साली निवृत्त झालो. बातमीचं पान उघडलं की एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर ते मला मराठीतून वाचून दाखवतं. हे पत्रही मी त्याच्याच मदतीने टंकलं आहे. बोट पडलं की अक्षर कानात येतं, चुकलं तर तिथल्या तिथे कळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली या कामाला सुरुवात केली. सॉफ्टवेअर संपूर्ण मोफत आहे. ते नसतं तर माझ्यासारख्याला संगणक परवडला तरी त्याचा उपयोग झाला नसता.

मात्र त्याला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे आवाज. माझ्या लॅपटॉपचा आवाज गेला आणि परत आला. मधल्या ३ आठवड्यांत जे घडलं ते आपल्या वाचकांपर्यंत जावं म्हणून लिहीत आहे.

लॅपटॉप २०१४ चा. सण अग्रिम आणि साठवलेले थोडे पैसे घालून घेतला होता. १० इंची, कीबोर्डपासून पडदा सुटा होणारा, एसटीने कराड-सातारा करताना पिशवीत सहज मावणारा. आत २ जीबी रॅम आणि ३२ जीबीची साठवण, तीही बोर्डावरच डाग दिलेली, म्हणजे वाढवता येत नाही. विकत घेतला तेव्हा विंडोज ८.१ होतं, पुढे मोफत मिळालं म्हणून विंडोज १० घेतलं. गेली काही वर्षं जागा भरत भरत अशी भरली की अपडेट घ्यायलाही तो नकार देऊ लागला. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्याची बातमी आपल्याकडेच ऐकली. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, तेव्हा ते इथे बसणार नाही हे उघड होतं. म्हटलं, निदान एकदा सगळं पुसून विंडोज १० नव्याने टाकून घेऊ. माझं काम वाचणं, लिहिणं आणि पत्रव्यवहार एवढंच.

दुकानात ते काम करून घेतलं, लॅपटॉप घरी आणला आणि सुरू केला. यात पंखा नाही, फिरती डिस्क नाही, त्यामुळे चालू झाल्याची कुठलीच खूण कानावर येत नाही. पाठीवर तळहात ठेवून बसलो. ५ मिनिटांनी कोमट लागलं, म्हणजे चालू होता. कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबलं. एनव्हीडीए सुरू होताना एक चढता सूर वाजतो, तो वाजला नाही. विंडोजचा स्वतःचा निवेदक सुरू करायची कळ दाबली. काही नाही. हेडफोन लावून पाहिला, तोही गप्प.

दुकानात फोन केला. तिथला मुलगा स्वभावाने चांगला आहे. तो म्हणाला, "काका, डिस्प्ले एकदम क्लिअर आहे, नेट चालतंय, आवाज तेवढा येत नाही. बाहेरचा स्पीकर लावा." बाहेरचा स्पीकर त्याच हेडफोनच्या भोकात लावायचा, आणि तिथे आवाज पोचतच नव्हता. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाला, साउंडची चिप गेली असणार, बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा घ्या, ३५-४० हजारांत चांगला येईल. मी विचारलं, देताना आवाज चालू होता, मग पुसून परत विंडोज टाकताना चिप कशी जाईल? त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारी शेजारची अकरावीतली मुलगी येऊन बसली. कुठली कळ दाबली की कुठली खिडकी उघडते हे मला पाठ आहे, पडद्यावर काय आलं ते तिने सांगायचं. विंडोज आणि एक्स दाबून एम दाबलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे यंत्रातल्या भागांची यादी, येतो. ती म्हणाली, "आजोबा, इथे पिवळे त्रिकोण आहेत. चार-पाच ठिकाणी. नाव नाही, नुसतं अननोन डिव्हाइस लिहिलंय." एकेकावर जाऊन ऑल्ट-एंटर दाबलं, डिटेल्सच्या पानावर गेलो, यादीतून हार्डवेअर आयडी निवडला. ती एकेक अक्षर वाचत गेली आणि मी ब्रेलच्या पाटीवर कागद लावून टोचत गेलो. ब्रेल टोचताना उजवीकडून डावीकडे जावं लागतं, म्हणून तिला सावकाश सांगायला लावलं. एका त्रिकोणाचा आकडा निघाला ८०८६०एफ२८, दुसऱ्याचा १०ईसी५६४०.

वाचकांनी हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण यंत्राला नाव नसलं तरी त्याचं गोत्र त्यात लिहिलेलं असतं. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली त्यांनी काढलेल्या प्रसिद्ध चिपचा जो क्रमांक, तोच त्यांनी ओळखक्रमांक म्हणून ठेवला. १०ईसी म्हणजे रिअलटेक, आवाजाच्या चिप बनवणारी कंपनी. पुसण्याआधी आवाज चालू होता आणि आता एकदम चार-पाच भाग बिननावाचे झाले होते. माझा अंदाज असा झाला की चिप ठीक आहे, तिच्याशी बोलणारा मधला माणूस हरवला आहे. त्या मधल्या माणसालाच, म्हणजे विंडोज आणि चिप यांना जोडणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, ड्रायव्हर म्हणतात.

बहुतेक लॅपटॉपमध्ये ही अडचण येत नाही. त्यांचा आवाज एका ठरलेल्या पद्धतीने चालतो आणि विंडोजकडे त्यासाठी स्वतःचा साधा ड्रायव्हर असतो. पण माझ्यासारख्या, टॅबलेटच्या चिपवर बनवलेल्या छोट्या यंत्रांत आवाजाची चिप दोन वेगळ्या वाटांनी जोडलेली असते. एका वाटेने तिला हुकूम जातात, म्हणजे आवाज वाढव, स्पीकर चालू कर, हेडफोन लावला आहे का बघ. दुसऱ्या वाटेने प्रत्यक्ष आवाज जातो. म्हणून कंपनीने दिलेले ड्रायव्हर एकावर एक बसावे लागतात. आधी त्या हुकमाच्या वाटेचा, मग इंटेलच्या आवाजाच्या भागाचा, मग रिअलटेकचा. शिवाय हे सगळे ३२-बिटचे हवेत, कारण या यंत्राचं मूळ फर्मवेअरच, म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर, ३२-बिटचं आहे.

मॉडेल क्रमांक घेऊन मुलीने कंपनीचं संकेतस्थळ उघडलं. त्या मॉडेलचं पानच नाही. मी ग्राहक सेवेला फोन लावला. २० मिनिटं संगीत ऐकल्यावर उत्तर मिळालं की या उत्पादनाचा आधार संपला आहे, फाइल उपलब्ध नाहीत, आमची नवी मॉडेल बघा. मी विनंती केली की फाइल जुनीच द्या, नवीन काही नको. तीही नाही म्हणाले. मुलीने मग इकडेतिकडे शोधलं तर भलत्याच ठिकाणी मोठी हिरवी बटणं, ड्रायव्हर आपोआप शोधून देतो, त्याआधी बँकेच्या कार्डाचा नंबर द्या. असल्या ठिकाणांहून कृपया कोणी काही उतरवून घेऊ नका. मी तिला लगेच बंद करायला सांगितलं.

शेवटी मदत झाली ती अकोल्याच्या एका मित्राची. तोही दृष्टिहीन, आमची ओळख नोकरीतल्या प्रशिक्षणात झाली आणि योगायोगाने आम्ही तेच मॉडेल घेतलं होतं. त्याने आधी तातडीचा इलाज सांगितला. यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड बाजारात मिळतं, अंगठ्याएवढं. मला २५० रुपयांना मिळालं. त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोज त्याला ओळखतं. लावलं, हेडफोन त्यात घातला, कळा दाबल्या आणि तो चढता सूर कानात आला. ३ आठवड्यांनी. मी खुर्चीतच थोडा वेळ बसून राहिलो. माझी प्रत्येक दृष्टिहीन संगणक वापरणाऱ्याला कळकळीची विनंती आहे की हे एक साउंड कार्ड घरात ठेवा. डोळस माणूस मिळेपर्यंत थांबावं लागणार नाही.

पण माझ्या लॅपटॉपला यूएसबीची जागा एकच. साउंड कार्ड लावलं की पेनड्राइव्ह लावता येत नाही, म्हणून मूळ आवाज परत आणणं भाग होतं. मित्राने त्याच्या लॅपटॉपवरचे सगळे ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ईमेलने पाठवले. त्यातली आवाजापुरती फोल्डरं मोबाइलवर येणाऱ्या लग्नाच्या एखाद्या व्हिडिओपेक्षा लहान होती. मी घाईने आधी रिअलटेकचाच बसवला. नाव आलं, पण खाली ओळ वाचली गेली, हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. मित्राला फोन केला, तेव्हा त्याने ते वाटांचं प्रकरण समजावलं. हुकमाची वाटच बांधलेली नाही तर हुकूम कसा पोचणार? मग क्रमाने बसवले, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि साउंड कार्ड काढून ठेवलं. त्याच्या स्वतःच्या बारक्या, पत्र्याचा आवाज येणाऱ्या स्पीकरमधून एनव्हीडीए बोलायला लागलं. स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, "आलं का तुमचं माणूस परत?"

बोर्ड ठीक होता, चिप ठीक होती आणि ३५ हजार रुपये वाचले. दुकानातल्या मुलाचा दोष मी कमी मानतो, कारण कंपनीनेच पान काढून टाकल्यावर त्याने तरी फाइल कुठून आणायची? पण एक गोष्ट त्याच्या हातात होती. जुना लॅपटॉप पुसण्याआधी त्यातले ड्रायव्हर बाजूला काढून ठेवता येतात. पेनड्राइव्हवर एक रिकामं फोल्डर करायचं, कमांड प्रॉम्प्ट (टंकून हुकूम द्यायची खिडकी) प्रशासक म्हणून उघडायचा आणि टंकायचं पीएनपीयूटिल, एक जागा सोडून स्लॅश आणि एक्सपोर्ट-ड्रायव्हर (मधे आडवी रेघ), पुन्हा जागा सोडून तारका, पुन्हा जागा सोडून त्या फोल्डरचा पत्ता. एंटर दाबलं की काही मिनिटांत सगळं निघतं. मी त्याला जाऊन हे सांगितलं. त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि आता प्रत्येक जुन्या यंत्राला आधी हे करतो, असं परवा भेटला तेव्हा म्हणाला.

आता सरकारकडे माझं म्हणणं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पुढे त्याचं पोर्टलही झालं. समितीपुढे चार क्षेत्रं ठेवली होती. शेतीची अवजारं, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं. लॅपटॉपचं नाव त्यात वेगळं नव्हतं. ते यावं. आणि स्पेअर पार्टची व्याख्या करताना फक्त स्क्रू, बॅटरी, पडदा एवढंच धरू नये. मोटारीचा क्लच वायर मिळेना तर गाडी उभी राहते, तसाच ड्रायव्हर मिळेना तर चांगलं यंत्र मुकं होतं. फरक इतकाच की क्लच वायर बनवायला कारखाना लागतो, आणि ही फाइल कंपनीने एकदा बनवून झालेली आहे. ती एका पानावर नुसती राहू द्यायची आहे. विकलेल्या प्रत्येक मॉडेलचे शेवटचे ड्रायव्हर कंपनीने कायम उपलब्ध ठेवले पाहिजेत, अशी अट घातली तर कंपनीवर कसला मोठा बोजा पडणार आहे?

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा कलम ४२ मध्ये सांगतो की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधनं सर्वांना वापरता येतील अशा रचनेत मिळावीत, यासाठी सरकारने पावलं उचलावीत. डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याची गाणी बंद होतात. आमचा आवाज गेला तर बँकेचं पान, वर्तमानपत्र, मुलाचं पत्र, सगळं एकदम बंद होतं. राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने हा मुद्दा केंद्राकडे लावून धरावा, अशी माझी विनंती आहे.

कोणी म्हणेल, मोबाइल आहे ना? आहे, आणि तो मी वापरतो. पण इन्स्क्रिप्ट कळफलकावर दोन्ही हातांनी मराठी लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला ४ पानांचं पत्र काचेवर बोट फिरवून लिहिता येत नाही. माझ्याकडे रविवारी दोन दृष्टिहीन मुलं शिकायला येतात, त्यांना मी याच लॅपटॉपवर कळफलक शिकवतो. त्यांचे ते ३ रविवार फुकट गेले.

मित्राने पाठवलेली फोल्डरं मी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवली आहेत, वर ब्रेलची चिठ्ठी चिकटवून. २०१४-१५ च्या सुमाराचा असा छोटा, कीबोर्ड सुटा होणारा लॅपटॉप ज्यांच्याकडे मुका पडून असेल आणि ज्यांच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वर लिहिलेले दोन आकडे दिसत असतील, त्यांनी कृपया आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर मला कळवावं. भंगारात देऊ नये. मी फाइल पाठवीन आणि कुठली आधी बसवायची तेही सांगेन.

आपला,
एक दृष्टिहीन वाचक, कराड
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती)