तीन भावंडं, तीन फायली

प्रिय सुज्या,

परवा फोनवर विचारलंस ना की बालगृहात काउन्सेलर म्हणून माझं नक्की काम काय, तर आज लिहितेच.

सध्या डोक्यात तीन भावंडं आहेत. रेल्वे पोलिसांना प्लॅटफॉर्मवर सापडली, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन गेला, २४ तासांच्या आत, मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढे हजर केली, इथपर्यंत सगळं कायद्याप्रमाणे झालं. पुढे मोठा १३ वर्षांचा तो आमच्या मुलांच्या बालगृहात, मधली मुलींच्या, आणि धाकटा ४ वर्षांचा शिशुगृहात. आई वारलेली, बापाचा पत्ता नाही, आणि आता एकमेकांपासूनही तुटली. मोठा जेवताना पोळी खिशात घालायचा, का रे विचारलं तर म्हणे छोट्याला न्यायचीय. मला काही बोलवेना.

वाईट कुणीच नाही रे, पण जो तो आपल्यापुरती फाइल बघतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे एक कागद, सिव्हिलमध्ये वयाचा दाखला अडकलेला, शाळा म्हणते आधी टीसी आणा, खरं तर टीसी नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही हे आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, स्पष्ट लिहिलंय. शेवटी समितीच्या मॅडमनी तिन्ही संस्थांचे अधीक्षक, कक्षाचे लोक, हेडमास्तर सगळ्यांना एकदमच बोलावलं. शाळेचं तिथेच मिटलं, दर रविवारी भावंडांना भेटवायचं ठरलं, आणि कळलं काय, तर मुलीने तिकडच्या काळजीवाहक ताईंना मावशीचं गाव केव्हाच सांगितलं होतं! आमच्याकडे मोठा म्हणत होता नातेवाईक कुणीच नाहीत, आणि आम्ही तेच लिहून बसलेलो. अशी बैठक दर महिन्याला व्हायलाच हवी, एखाद्या मॅडमच्या मनावर सोडून कसं चालेल?

मावशी तिघांनाही ठेवून घ्यायला तयार आहे. कक्षाची गृहभेट झाली, अहवाल चांगला आलाय. सरकारच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात, शेतमजुरी करणाऱ्या बाईला तेवढाही मोठा आधार आहे. पण पैसे खात्यातच येतात आणि तिच्या गावाजवळच्या बँकेने केवायसीवरून परत पाठवलंय.

म्हणून तुझ्या बँकेतल्या मॅनेजरना विचार ना, समितीचा आदेश आणि मावशीचं आधार यावर मुलांची खाती उघडता येतील का, अजून काय कागद लागतील. मावशी शुक्रवारी येतेय, त्याआधी कळव, म्हणजे तिला तिकडेच घेऊन येते.

तुझी,
मीनल