शिकाऊ आले, शिकवणारा कुठे आहे?

संपादक महोदय,

एम.ए., एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाचे दुसरे सत्र सुरू झाले की ‘ओजेटी’साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ‘ऑन जॉब ट्रेनिंग’साठी, ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन वाजू लागतात. ‘काका, तुमच्या ऑफिसातून एक सर्टिफिकेट मिळेल का?’ मुलगा काम मागत नाही, सर्टिफिकेट मागतो. चार क्रेडिट, म्हणजे 120 तास. तेवढे तास फोर्टातल्या एखाद्या सीएकडे मार्चच्या गर्दीत व्हाउचर लावण्यात गेले तर तो नशीबवान म्हणायचा. बाकीच्यांना पहिल्याच दिवशी सांगतात, ‘शेवटच्या आठवड्यात ये, शिक्का मारून देतो.’ मुलगाही खूश, ऑफिसही खूश आणि कॉलेजच्या फायलीत कागद लागलेला.

आपल्याकडे मुलांना कामाची सवय नाही, असा सूर यावर हमखास लागतो. मला तो पटत नाही. भांडुपच्या एका कारखान्यात मी आयुष्य काढले, शेवटची वर्षे मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होतो. आयटीआयची पोरे दरवर्षी येत. शिकायची हौस नसलेला एखाददुसराच निघे. अडायचे ते दुसरीकडे. लेथवरच्या जुन्या कामगाराला दिवसाचे जॉब ठरवून दिलेले. शेजारी उभ्या पोराला टूल घासायला शिकवावे, मायक्रोमीटर त्याच्या हातात द्यावा, तर त्याचे चार जॉब कमी भरणार आणि संध्याकाळी ‘का कमी भरले’ म्हणून विचारणार कोण, तर मीच. मग पोराच्या हातात झाडू आणि कॉटन वेस्ट. वर्ष संपले की त्याचा स्टायपेंड चुकता, हजेरी पूर्ण आणि हात कोरा.

1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात हे धरलेले आहे, हे विशेष. मालकाला स्वतःला तो ट्रेड येत नसेल तर पात्र माणसाच्या हाताखाली प्रशिक्षण द्यावे, असे तो सांगतो. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे, असेही सांगतो. 2019 च्या नियमबदलानंतर 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. आकडा मोजायला पोर्टल आहे. शिकवणाऱ्याला शिकवायला वेळ मिळाला का, हे मात्र आमच्या शॉपमध्ये येऊन कधी कोणी विचारले नाही.

नव्या योजनांची चर्चाही पैशांभोवतीच फिरते. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिना 6,000 रुपये, आयटीआय वा पदविकाधारकाला 8,000 आणि पदवीधराला 10,000. मुदत आधी सहा महिने होती, पुढे अकरा केली. नंतर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून उमेदवार आंदोलनाला बसले. बसणारच. अकरा महिने सरकारी कचेरीत जावक क्रमांक टाकत बसलेल्या पोराला बाहेरच्या बाजारात विकण्यासारखे हाताशी काय लागले? दुसरे काही येत नसल्यावर तो तीच खुर्ची मागणार.

अशा वेळी गिरणगावाचे दाखले फार दिले जातात. बापाने मुलाला खात्यात न्यावे, बदली कामगार म्हणून लावावे, साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहून त्याने शिकावे. खरे आहे, शिकवायला शेजारी माणूस होता. पण जॉबरचा, म्हणजे खात्यात माणसे भरणाऱ्या मुकादमाचा, हात ओला केल्याशिवाय आत शिरता येत नसे, हेही तितकेच खरे. आणि विणकाम खात्यात, जिथे पगार बरा होता, तिथे दलितांना घेतच नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यात विटाळ आडवा येई. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला होता. ओळखीने शिकायचे ठरले की शिक्षण आपल्याच माणसांत फिरते. आज ‘ओजेटी’ची जागा काकांच्या फोनवर मिळते, तेव्हा जिचे कोणी काका बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) ऑफिसात नाहीत त्या मानखुर्दच्या मुलीने कुठे जायचे? तिच्यासाठी कॉलेजनेच जागा शोधायला हवी, आणि तेही सत्र सुरू होण्याआधी.

जर्मनीत कारखान्यात शिकाऊंना शिकवणाऱ्यालाही परीक्षा द्यावी लागते. महाराष्ट्राने 2024 मध्ये तिथल्या बाडेन-वुटेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. माणसे पाठवायची तर पाठवा, पण येताना ही एक गोष्ट इकडे आणा.

माझी मागणी मोठी नाही. ज्याच्या हाताखाली शिकाऊ दिला, त्या कामगाराचे रोजचे टार्गेट तेवढ्यापुरते कमी करावे आणि त्याला थोडा भत्ता द्यावा. प्रमाणपत्रावर एचआरच्या शिक्क्याशेजारी त्या कामगाराचे नाव आणि सही असावी. सही करायची म्हटली की माणूस दोन गोष्टी शिकवतोच. स्वतःच्या नावाची लाज सगळ्यांना असते. कॉलेजच्या प्राध्यापकांनी 120 तासांत निदान दोनदा जागेवर जाऊन यावे, फोनवर ‘सगळं ठीक ना?’ विचारून नव्हे.

आणखी एक. एलबीएस मार्गावरचे कितीतरी कारखाने गेले, तिथे मॉल आणि टॉवर आले. त्या कारखान्यांतले टर्नर, फिटर, वेल्डर मात्र भांडुप-विक्रोळीत अजून आहेत. सकाळी बागेत फेऱ्या मारतात, दुपारी पेपर चाळतात. मुलुंड आणि कुर्ल्याच्या आयटीआयने त्यांना आठवड्यातून दोन दिवस मानधनावर बोलावून पाहावे. आमच्या कट्ट्यावरचेच चार-पाच जण यायला तयार आहेत.

— एक निवृत्त सुपरवायझर, भांडुप