‘पाय घसरून’च्या आधीचे दोन तास

महोदय,

डोंगरावरच्या अपघाताची बातमी अंकात आली की मी ती दोनदा वाचतो. पहिल्यांदा माणसांसाठी, दुसऱ्यांदा वेळेसाठी. वेळ बहुधा सापडत नाही. ‘पाय घसरून दरीत कोसळला’ इथे बातमी संपते. निघाले किती वाजता, चढत होते की उतरत होते, सोबती कुठे होता, यातलं काही नसतं. गेल्या महिन्यात आमचीही अशीच दोन ओळींची बातमी व्हायची राहिली, म्हणून हे पत्र.

मी पंचावन्न वर्षांचा, मित्र माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. डोंगर एका दिवसात होणारा. जायला सात किलोमीटर, चढ नऊशे मीटर आणि शेवटी साठेक मीटरचा कातळटप्पा. तिथे सहसा दोर लावत नाहीत, पण हात टेकल्याशिवाय वरही जाता येत नाही. आदल्या रात्री मित्राने कागदावर हिशेब मांडला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला एक आडाखा अजून वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक. म्हणजे आमचे जेमतेम तीन तास. त्यात विश्रांती नाही, कातळ नाही, आमची वयं तर नाहीतच. मित्राने दोन तास वाढवले आणि खाली लिहिलं, ‘आठला निघायचं. एक वाजता जिथे असू तिथून मागे.’ मी मान डोलावली.

निघालो पावणेनऊला. उशीर माझा. पुढे घसाऱ्याने वेळ खाल्ला; दोन पावलं वर गेलं की एक पाऊल मुरमासकट खाली. कातळाला हात लागला तेव्हा बारा पन्नास झाले होते. मित्राने न बोलता घड्याळ माझ्यापुढे धरलं. ‘अरे, अर्ध्या तासाचं काम आहे,’ मी म्हणालो. तो गप्प राहिला आणि मी त्याला होकार समजलो.

चढताना मजा आली, हे नाकारणार नाही. दोन पाय नि एक हात किंवा दोन हात नि एक पाय खडकावर, चौथा तेवढा मोकळा. या चालीने माणूस एकदा लयीत आला की खालची पोकळी विसरतो. मित्र मात्र दर थोड्या वेळाने थांबून मान वळवून खाली बघत होता. ‘कोणी मागे लागलंय का?’ मी विचारलं. ‘वाट बघून ठेवतोय,’ तो म्हणाला. मला हसू आलं. माथ्यावर पोहोचलो एक पस्तीसला, आणि तिथे वीस मिनिटं बसलो.

उतरताना मी पुढे. आणि ती वाटच नाही! चढताना जी खोबण डोळ्यांसमोर असते ती उतरताना पोटाखाली जाते. वरून दिसते फक्त एक कड आणि कडेपलीकडे हवा. तीन कडा एकसारख्या होत्या. मी मधली धरली. दहा-बारा मीटर उतरल्यावर पायाखालचा कातळ आत वळला, पाय चाचपडू लागला, पण टेकेना. उजव्या हातात विटेएवढा दगड होता, त्यावर भार टाकला, आणि तो कपाटातून पुस्तक निघावं तसा अलगद बाहेर आला. मी ‘दगड!’ ओरडलो. खाली कुणीच नव्हतं. तो आपटल्याचा आवाज यायला जो वेळ लागला तो मी अजून मोजतो आहे. दगडावर भार देण्याआधी तो ठोकून बघायचा असतो. पक्का असेल तर घट्ट आवाज येतो, सुटा असेल तर पोकळ. हे मी इतरांना वर्षानुवर्षं शिकवलं आहे.

वरून मित्राचा आवाज आला, ‘उतरू नकोस. वर ये.’ खाली जायचं असताना वर चढणं मनाला फार जड जातं. पाय शिवणयंत्रासारखा थडथडत होता. मिनिटात सहा शिट्या आणि मग मिनिटभर थांबायचं, हा मदतीचा संकेत मला तोंडपाठ. शिट्टी मात्र घरी राहिली होती. कसाबसा वर आलो. मग मित्र एकेका कडेवरून वाकून बघत हिंडला. डावीकडच्या कडेखाली कातळावर पांढरी रेघ आणि तिच्या शेजारी एकाखाली एक तीन खोबणी. चढताना मान वळवून त्याने हेच टिपून ठेवलं होतं. या सगळ्यात पाऊण तास गेला. घसारा संपता संपता अंधार पडला आणि उरलेली वाट एका विजेरीवर उतरलो. ती विजेरीही त्याचीच.

माझा हात सुटला असता तर आपल्याकडे काय छापून आलं असतं? ‘पाय घसरून’. पण चूक पावणेनऊला सुरू झाली होती आणि बारा पन्नासला पक्की झाली होती. आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर 14 जुलै 1865 रोजी पहिल्यांदा सर झालं, हे पुष्कळांना ठाऊक असतं. माथ्यावर सात जण पोहोचले होते, आणि त्यातले चार त्याच दिवशी उतरताना गेले, हे तितक्यांना ठाऊक नसतं. ‘सर केलं’ या शब्दात उतरणं येतच नाही. ‘शिखर सर’ हा मथळा मला म्हणूनच खटकतो. फोटो माथ्यावरचा असतो, तिथे निम्मंच काम झालेलं असतं.

माझी विनंती लहान आहे. वार्ताहराने वाचलेल्या सोबत्याला किंवा बचाव पथकाला तीन गोष्टी विचाराव्यात: किती वाजता निघालात, परत फिरायची वेळ ठरवली होती का, अपघात झाला तो चढताना की उतरताना. दोन ओळी वाढतील. गेलेल्या माणसाला बोल लावण्यासाठी त्या छापू नयेत. पुढच्या रविवारी निघणारे त्या वाचतील. आणि माथा पन्नास मीटरवर असताना एखादी जोडी मागे फिरली, तर तीही बातमी एखाद्या कोपऱ्यात यायला हरकत नाही. फोटो नसेल, चालेल.

हे पत्र पाठवण्याआधी मित्राला वाचून दाखवलं. मी आधी ‘माथ्यावर सव्वा वाजता’ असं लिहिलं होतं. त्याने एक पस्तीस करायला लावलं.

आपला,
एक नियमित वाचक