आठवणींचे ध्वनिमुद्रण ऐकण्याजोगे हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा शाळेत जाणारी मुले आज ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्या आठवणी मोबाइलवर मुद्रित करण्याची हौस इंदूरच्या मराठी घरांत दिसते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ते मुद्रण कसे करावे, हे कुणी शिकवत नाही आणि त्याची किंमत मी मोजली आहे.

तीन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, मी माझ्या काकूंची दोन तास मुलाखत घेतली. राजवाड्यामागचे बालपण, काकांची मिलमधली रात्रपाळी, १९९१ मध्ये हुकूमचंद मिल बंद पडल्यावर आळीत पसरलेली शांतता, असे सगळे त्या भरभरून बोलल्या. फोन टीपॉयवर, काकू चार हात लांब दिवाणावर आणि मध्ये कूलर. घरी येऊन ऐकले तर कूलर स्पष्ट आणि काकू अस्पष्ट! संगणकावर ती घरघर काढू गेलो, तर तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ही पुसट झाले. पुढच्या थंडीत काकू गेल्या. त्यांनी सांगितलेला मजकूर मी आठवून लिहू शकतो. परंतु हिंदी-माळवीच्या वळणाने जाणारी त्यांची इंदुरी मराठी, तिचा हेल आणि वाक्य अर्धवट सोडून घेतलेला श्वास कागदावर उतरत नाही.

त्यानंतर चुकतमाकत जे शिकलो, त्यातले मुख्य एकच आहे: माइक तोंडाजवळ हवा. अंतर दुप्पट झाले की बोलणाऱ्याचा थेट आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो; म्हणून महागडा माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावलेला बरा. तो मंगळसूत्राला किंवा खळीच्या पदराला घासत नाही ना, हे हेडफोन लावून आधी ऐकावे, कारण ती खरखर नुसत्या कानांना कळत नाही. आवाजाची पातळी उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावी. काकूंसारखी माणसे हसली की काटा एकदम वर जातो आणि शून्यावर, म्हणजे कमाल पातळीवर, फाटलेला आवाज धड सांधता येत नाही. मुद्रण वेव्ह (WAV) या आवाज न आकसवणाऱ्या फाइल-स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर करावे. एका माइकच्या तासाभराला साधारण अर्धा जीबी जागा लागते, ती आज कुणालाही परवडते. फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करताना त्यात स्वतःच्या गाडीची किल्ली ठेवावी, म्हणजे निघताना तो पुन्हा सुरू करायचे विसरत नाही. मुलाखतकाराने ‘हो हो’, ‘अरे वा’ न म्हणता मान हलवावी, हे मला अजूनही नीट जमलेले नाही.

कूलरचे काय करायचे? नव्वदीच्या माणसाला मे महिन्यात वाऱ्याविना बसवणे क्रूरपणाचे आहे, तेव्हा अशी कामे थंडीतच करावीत. तीही भल्या सकाळी नकोत, कारण आपल्या स्वच्छ शहरात तेव्हा कचरागाडीचे गाणे प्रत्येक गल्लीत पोहोचते.

माझी विनंती इंदूरमधील मराठी संस्थांना आणि वाचनालयांना आहे. एक रेकॉर्डर, दोन कॉलर माइक आणि एक हेडफोन असा संच विकत घेऊन तो पुस्तकासारखा आठवड्याभरासाठी सभासदांना द्यावा. देण्यापूर्वी तासभर हाताळायला शिकवावे आणि परत घेताना, बोलणाऱ्या व्यक्तीची संमती असल्यास, मुद्रणाची एक प्रत संस्थेत ठेवून घ्यावी. शिकवण्यासाठी रविवारी सकाळी विनामोबदला यायला मी तयार आहे. निर्णय दिवाळीपूर्वी झाला तर येती थंडी हाती लागेल.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर