एका बाद झालेल्या अर्जावरून शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या मंगळवारी कागदपत्र पडताळणीत माझा अर्ज बाद झाला. विज्ञानाची पुस्तके मराठीत आणण्यासाठी अनुवादक हवा होता. लेखी परीक्षेनंतरच्या यादीत माझे नाव होते. माझी पदवी वनस्पतिशास्त्रातली, एम.ए. भाषाविज्ञानातले. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यांनी दोन्ही गुणपत्रके शेजारी-शेजारी ठेवली आणि म्हणाले, ‘मॅडम, पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकाच विषयाची लागते.’ झाडेही कळतात आणि भाषाही कळते असा माणूस या कामाला चालत नसेल तर कोण चालेल, असे मी विचारले. नियम आम्ही केलेले नाहीत, असे उत्तर मिळाले.

नियम कोणी केला ते मला माहीत नाही, पण वचन कोणी दिले ते माहीत आहे. 29 जुलै 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. कला आणि विज्ञान यांच्यात पक्की भिंत राहणार नाही, असे त्यात लिहिले आहे. बाणभट्टाचा दाखला देऊन चौसष्ट कलांची आठवणही काढली आहे. मी ते वाचले तेव्हा पंचविशीची होते आणि घरात ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण रोज ऐकत होते. त्या धोरणावर विश्वास ठेवून मी एम.ए.ला प्रवेश घेतला. चूक तुमच्यावर विश्वास ठेवण्यात झाली का?

मला बारावीत जीवशास्त्र आवडायचे, नाटक आवडायचे आणि शब्दांच्या व्युत्पत्ती शोधत बसायला आवडायचे. पंधराव्या वर्षी ‘साइड’ निवडायला सांगितली, तेव्हा यातले कुठले आयुष्यभर पुरेल हे मला कसे कळणार होते? एखादे काम आपल्याला जमते की नाही, हे ते काम काही महिने करून पाहिल्यावरच कळते. अशी संधी मला एकदाच मिळाली. बी.एस्सी.नंतर वर्षभर एका नाट्यसंस्थेत होते. अभिनय हा आपला धंदा नव्हे, पण संहितेवर काम करताना वेळेचे भान राहत नाही, हे मला तिथे समजले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत उपयोगी वर्ष. एम.ए.च्या प्रवेशाच्या वेळी त्याच वर्षाबद्दल मला ‘गॅप’चे शपथपत्र करून द्यावे लागले. स्टॅम्पपेपरवर. एखाद्या गुन्ह्याचा खुलासा करावा तसे.

मुलाखतींचे तर सांगूच नका. ‘तुमचा फोकस दिसत नाही’, ‘तुम्ही इथे टिकाल याची खात्री काय?’ अकरा ठिकाणी तरी ऐकले असेल. आई-वडिलांनी नातेवाइकांना तोंड दाखवणे कमी केले. माझ्याच वर्गातल्या, एकच लाइन पकडून बसलेल्या मैत्रिणी आता कायम झाल्या. मी तिशीत आहे आणि तासिका तत्त्वावर शिकवते. सुट्टी लागली की पगार बंद.

समारंभांत तुमच्याकडची मंडळी आम्हाला डॉ. श्रीराम लागू, डॉ. मोहन आगाशे यांची उदाहरणे देतात. दोघांबद्दल मला आदर आहे. पण लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी पूर्ण वेळ रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांच्यामागे एक पक्का व्यवसाय होता. आगाशे मनोविकारतज्ज्ञ. ज्यांना वैद्यकीय पदवीचा आधार नाही, त्यांनी दुसरी आवड कशाच्या भरवशावर जोपासायची?

दारे उघडत नाहीत असेही नाही. 2023 मध्ये वैद्यकीय आयोगाने एका सूचनेने बारावीनंतर जीवशास्त्र वेगळे देणाऱ्यांनाही नीटचा मार्ग मोकळा केला. 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, जमा ठेवणारी बँकही काढली. मग त्या दोन पदव्या घेऊन माणूस नोकरीच्या खिडकीवर आला की जाहिरातीत ‘संबंधित विषयातील’ हे दोन शब्द कसे उरतात? माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक भरती नियम या धोरणासमोर ठेवून तपासावा आणि गॅपची शपथपत्रे बंद करावीत.

पण मागणी करताना माझाच आवाज थकतो. 1968 च्या धोरणात राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्चण्याचे ठरले. 2020 मध्ये तेच पुन्हा लिहिले. सहा दशके होत आली, आकडा गाठलेला नाही. शिक्षक नाहीत म्हणून विषय नाहीत, विषय नाहीत म्हणून निवड नाही, आणि निवड नसलेल्या मुलाला तुम्ही समुपदेशन देता! माझ्या भाचीला अकरावीत जीवशास्त्राबरोबर भूगोल हवा होता. यादीत दोन्ही विषय आहेत. कॉलेजने सांगितले, ‘ते कॉम्बिनेशन आमच्याकडे चालत नाही, वेळापत्रकात बसत नाही.’ तिला नद्यांच्या काठच्या वनस्पतींबद्दल शिकायचे आहे. सोळा वर्षांच्या मुलीला जे नाते दिसते, ते तुमच्या वेळापत्रकाला दिसत नाही. या व्यवस्थेला माणसे नको आहेत, रकान्यात बसणारी नावे हवी आहेत, असे मला आता उघड वाटते आणि ते बोलायला मी घाबरत नाही.

अपिलाची मुदत पंधरा दिवसांची आहे. त्यातले सहा हे पत्र लिहावे की नाही यात गेले.

आपली,
एक अर्जदार

ता. क. : अकरावी आमच्या अखत्यारीत येत नाही, असे उत्तर येईल. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत आले, म्हणजे जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांची आहे. म्हणून याच पत्राची प्रत राज्याच्या शिक्षणमंत्र्यांनाही पाठवली आहे.