लेडीज डब्यातल्या सगळ्यांचे मनापासून आभार

गेल्या आठवड्यात डोंबिवलीहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये मला फिट आली. शुद्धीवर आले तेव्हा कुशीवर होते, डोक्याखाली कुणाच्या तरी ओढणीची घडी. दातांत चमचा नाही, नाकाशी कांदा नाही की चप्पल नाही! एकीने चक्क घड्याळ लावलं होतं: "दोन मिनिटांत थांबली, ताई. ५ च्या वर गेली असती तर हॉस्पिटलच गाठणार होतो."

फिटपेक्षा तिची धास्ती जास्त छळते. गर्दी बघूनच पोटात गोळा येतो. डॉक्टरांशी आता गोळ्यांइतकंच त्या धास्तीबद्दलही बोलते.

ठाण्याला माझ्यासोबत उतरून, लेटमार्क पत्करून, भाऊ येईपर्यंत बाकावर बसून राहिलेल्या मावशी, तुमचे विशेष आभार. कालपासून पुन्हा त्याच डब्यात चढतेय. तुम्हीच हाक मारा. मला चेहरे नीट आठवत नाहीत.